पश्चिमेच्या उन्हाचा हॉल आणि जुने सागवानी सामान : रंग आणि मांडणीबाबत सल्ला हवा आहे

इंदिरानगरकर :

नमस्कार. दसऱ्यानंतर आम्ही पंचवटीतील जुन्या घरातून इंदिरानगरमधील दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहायला जात आहोत. इमारत २०११ सालची असून फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. आधीच्या मालकांनी सगळ्या खोल्यांना एकच फिकट गुलाबी रंग दिला होता आणि तो आता जागोजागी मळला आहे. सामान हलवण्यापूर्वी रंगकाम उरकून घ्यावे आणि कोणती वस्तू कुठे ठेवायची हेही आधीच ठरवावे, असा विचार आहे. परंतु घरात एकमत होत नसल्यामुळे येथे विचारत आहे.

हॉल पूर्व-पश्चिम १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. मुख्य दार पूर्वेच्या भिंतीत आहे आणि त्याच्या समोर, पश्चिमेच्या भिंतीत, बाल्कनीची सहा फुटी सरकती काच आहे. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेकडे वळून, ६ फूट बाय ८ फुटांची जेवणाची जागा आणि तिच्यापलीकडे स्वयंपाकघर आहे. एका बेडरूमची खिडकी उत्तरेला असून तिला स्वतःचे बाथरूम आहे. दुसरीची खिडकी दक्षिणेला असून बाहेरचे बाथरूम तिच्या दारासमोरच आहे. सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत आणि मुलगी पुढच्या वर्षी दहावीला जाईल. रात्री उठावे लागते म्हणून त्या दोघींना उत्तरेची खोली द्यावी असे आम्ही तूर्त धरून चाललो आहोत.

जुन्या घरातून येणाऱ्या सामानात पितळी कड्यांचा पाच फुटी सागवानी झोपाळा, सासऱ्यांचे लिहिण्याचे सागवानी टेबल, एक जुने लोखंडी कपाट, तिघांचा सोफा आणि त्याच्या दोन सुट्या खुर्च्या, तसेच चौघांचे जेवणाचे टेबल आहे. यातील झोपाळा सासूबाई कोणत्याही परिस्थितीत सोडणार नाहीत. शिवाय २०२७ मध्ये सिंहस्थ असल्यामुळे पाहुण्यांची ये-जा वाढणार, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको.

मला हॉलमधील बाल्कनीच्या काचेभोवतीची भिंत विटकरी रंगाची हवी आहे, कारण दारातून आत येताच तीच समोर दिसते. मिस्टरांच्या मते सगळे घर पांढरेशुभ्र करून मोकळे व्हावे. उत्तरेची बेडरूम अंधारी वाटते म्हणून पेंटरने तिथे भडक पिवळा रंग सुचवला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

फूटपट्टी :

नमस्कार ताई. रंगाचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी सामानाचा विचार करावा, असे मी सुचवेन; कारण कोणती भिंत किती उघडी राहणार हे सामान बसल्याशिवाय कळत नाही आणि कपाटामागे जाणाऱ्या भिंतीवर वाद घालण्यात अर्थ नसतो. चौकटीच्या कागदावर एक फुटाला दोन चौकटी असे प्रमाण धरून हॉल काढावा, त्याच प्रमाणात प्रत्येक वस्तूचा कागद कापावा आणि तो सरकवून पाहावा. त्यानंतर रिकाम्या फ्लॅटमध्ये जाऊन वर्तमानपत्रे खऱ्या मापाने जमिनीवर पसरावीत आणि सासूबाईंना त्यांच्यामधून चालायला सांगावे. कागदावर दोन फुटांची वाट पुरेशी दिसते, पण हातात पाण्याचा तांब्या घेऊन जाणाऱ्या माणसाला ती पुरत नाही.

मुख्य रहदारीच्या वाटेला तीन फूट, पलंगाच्या बाजूला निदान दोन फूट आणि सोफा व टीपॉय यांच्यामध्ये दीड फूट जागा सोडावी. जेवणाच्या खुर्चीवरून उठताना मागे अडीच ते तीन फूट लागतात. तुमची जेवणाची जागा सहा फूट रुंद आहे आणि चौघांचे टेबल बहुधा तीन फूट बाय चार फुटांचे असेल. म्हणून ते मध्यभागी न ठेवता तीन फुटी बाजूने भिंतीला टेकवून ठेवावे. रोज तिघांची सोय होईल आणि चौथा बसणार असेल त्या दिवशी टेबल ओढून घेता येईल.

झोपाळ्याचा हिशेब मात्र काटेकोरपणे करावा लागेल. फळी दोन फूट रुंद धरली तर हलक्या झोक्यालाही पुढे-मागे दोन-दोन फूट हवेत, म्हणजे एकूण सहा फूट झाले. तो बाल्कनीच्या बाजूला, फळीची लांबी हॉलच्या रुंदीला समांतर ठेवून टांगला, तर पश्चिमेकडचे सहा फूट त्याचे आणि उरलेले दहा फूट बैठकीचे व दारातल्या वाटेचे, अशी वाटणी होते. फळी एका भिंतीपासून दीड फुटावर घेतली की दुसऱ्या बाजूने बाल्कनीत जायला साडेतीन फूट उरतात. एक गोष्ट आवर्जून सांगतो. पंख्याचा हुक झोपाळ्यासाठी नसतो. दोन-तीन माणसांचे हलते वजन कुठे टांगायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच ठरवावे, आणि स्लॅबला धक्का लावू नये असे त्याचे मत पडले तर लाकडी किंवा लोखंडी स्टँड करून घ्यावा. हे काम रंगाच्या आधी झाले पाहिजे, नाहीतर नव्या छतावर ड्रिलची धूळ बसेल.

तिघांचा सोफा उत्तरेच्या भिंतीला आणि टीव्ही समोर दक्षिणेच्या भिंतीला लावावा. टीव्ही काचेसमोर ठेवला तर पडद्यावर बाल्कनीच दिसेल आणि काचेच्या बाजूला ठेवला तर पाहणाऱ्याचे डोळे दिपतील. म्हणून खिडकीशी काटकोनातली भिंतच योग्य ठरते. दहा फुटी रुंदीत बसणारा आणि टीव्ही यांच्यात साधारण सात फूट अंतर राहील, ते ४३ इंची टीव्हीला पुष्कळ झाले. दोन सुट्या खुर्च्यांपैकी एकच हॉलमध्ये ठेवावी. दोन्ही ठेवण्याचा मोह होईल, पण दुसरी खुर्ची नेमकी दारातल्या वाटेत येईल. सोफा खोल आणि बसका असेल तर सासूबाईंसाठी ती एक खुर्ची हात असलेली आणि सतरा-अठरा इंच उंचीची असावी. उतारवयात उठताना सोफ्यापेक्षा तिचाच आधार होतो.

पाहुण्यांसाठी वेगळा पलंग घेऊ नये. गाद्या ठेवता येतील असा पेटीचा दिवाण एका बेडरूममध्ये असला की पुरे.

सावलीचा_हिशेब :

फूटपट्टी यांच्या मांडणीशी मी सहमत आहे आणि तिच्याच आधारे रंगाविषयी सविस्तर लिहितो, कारण या घरात खरा प्रश्न विटकरी की पांढरा हा नसून कोणत्या भिंतीवर कोणत्या वेळी कसला प्रकाश पडतो हा आहे. शेडकार्डावरचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निवडला जातो आणि घरी मात्र तो उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली असा तीन प्रकारे पाहावा लागतो.

नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनमध्ये सूर्य थेट पश्चिमेला न मावळता सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून मावळतो आणि डिसेंबरमध्ये तितकाच दक्षिणेकडे सरकतो. याचा तुमच्या हॉलमधला परिणाम असा की, उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिरपे ऊन वायव्येकडून येऊन दक्षिणेच्या भिंतीवर पडेल आणि हिवाळ्यात नैऋत्येकडून येऊन उत्तरेच्या भिंतीवर पडेल. म्हणजे उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर मे महिन्यात ऊन येणार नाही आणि डिसेंबरमध्ये येईल. आणि नाशिकच्या थंडीत ते नको असे कोणी म्हणणार नाही. समोरची पूर्वेची भिंत, जिच्यात मुख्य दार आहे, ती मात्र वर्षभर संध्याकाळचा नारिंगी प्रकाश झेलेल.

आता काचेभोवतीच्या भिंतीचा विचार करू. खिडकी ज्या भिंतीत असते त्या भिंतीवर त्या खिडकीतून येणारा प्रकाश कधीच थेट पडत नाही. ती दिवसा खोलीतली सर्वांत अंधारी भिंत असते आणि तिच्या मधोमध सर्वांत झगझगीत चौकोन असतो. तिला विटकरी रंग दिला तर हे अंतर आणखी वाढेल, डोळ्यांना त्रास होईल आणि तुम्ही हौसेने निवडलेला विटकरी रंग दुपारी तपकिरी-काळपट दिसेल. म्हणून खिडकीची भिंत नेहमी खोलीतल्या सर्वांत फिकट रंगाची ठेवावी. तोच विटकरी रंग पूर्वेच्या भिंतीवर लावला तर उलट घडेल. मावळतीचे ऊन त्याच्यावर पडून तो पेटल्यासारखा दिसेल आणि भिंतीवरून परावर्तित होणारी लाली छतावर, पडद्यांवर आणि माणसांच्या चेहऱ्यांवरही पसरेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास असताना ते कोणालाही आवडणार नाही.

तरीही विटकरी रंग सोडून द्यावा, असे मी म्हणणार नाही. जेवणाच्या जागेतील, टेबल ज्या भिंतीला टेकणार आहे ती दक्षिणेची भिंत त्यासाठी योग्य आहे. ती वळणाआड असल्यामुळे तिच्यावर पश्चिमेचे ऊन पोहोचत नाही, ती जेमतेम सहा फुटांची असल्यामुळे रंग अंगावर येत नाही, आणि तिथे बहुतेक वेळ दिव्याच्या उजेडातच बसणे होते. दिवा ३००० केल्व्हिनचा, पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. ६५०० केल्व्हिनच्या निळसर-पांढऱ्या दिव्याखाली विटकरी रंग मेल्यासारखा दिसतो आणि आमटीही. खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, ९० किंवा त्याहून अधिक लिहिलेला असेल तर लाल-तपकिरी छटा अधिक खऱ्या दिसतात.

बाकीच्या हॉलला कोणता रंग द्यावा, याचे उत्तर तुमच्या सागवानाकडे आहे. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल हे पॅरिसच्या गोबेलीन कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असताना काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी त्यांच्याकडे येत होत्या. त्यांनी तपासले तेव्हा दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांत असल्याचे आढळले. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला भासतो, हा नियम त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडला आणि घराच्या भिंतींनाही तो तसाच लागू पडतो. जुने सागवान नारिंगीकडे झुकणारे तपकिरी असते. पिवळट क्रीम भिंतीसमोर ते विरून जाते. राखाडीची झाक असलेल्या फिकट हिरव्या किंवा किंचित निळसर राखाडी भिंतीसमोर त्याचा मूळ रंग उठून दिसतो. म्हणून उत्तर, दक्षिण आणि पूर्व या तिन्ही भिंतींना राखाडी झाकेचा अतिशय फिकट हिरवा रंग द्यावा, पश्चिमेची भिंत आणि छत किंचित उबदार पांढरे ठेवावे. संध्याकाळच्या नारिंगी उन्हात हा हिरवा बऱ्यापैकी उदासीन होतो आणि खोली पेटलेली वाटत नाही.

मिस्टरांचे पांढरेशुभ्रही अगदी टाकाऊ नाही. चांगला पांढरा रंग त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत देतो आणि गडद विटकरी त्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास. परंतु पश्चिमेच्या हॉलमध्ये उणीव प्रकाशाची नसून अतिरेक प्रकाशाचा आहे. पांढरेशुभ्र जिथे खरोखर उपयोगी पडेल ती जागा म्हणजे उत्तरेची बेडरूम, आणि नेमकी तिथे पेंटर पिवळा सुचवतो आहे. उत्तरेचा प्रकाश आकाशाचा, म्हणजे निळसर असतो. त्यात भडक पिवळा रंग हिरवट आणि मळका दिसतो. तिथे लालसर झाक असलेला फिकट क्रीम किंवा हस्तिदंती पांढरा घ्यावा.

नमुना पाहताना भिंतीवर ठिपके मारू नयेत. दोन फूट बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यावर किंवा प्लायच्या तुकड्यावर रंगाचे दोन हात देऊन तो तुकडा प्रत्येक भिंतीला टेकवून सकाळी, चारच्या सुमारास आणि रात्री दिवा लावून पाहावा. गुलाबी भिंतीवरच नमुना मारला तर वरच्या नियमाप्रमाणे हिरवा अधिकच हिरवा भासेल. खोलीभर लावल्यावर समोरासमोरच्या भिंती एकमेकींचा रंग परत फेकतात, त्यामुळे तो शेडकार्डापेक्षा गडद वाटतो. म्हणून आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकट निवडणे बरे.

शेवटी उन्हाबद्दल. आतल्या पडद्याने उजेड अडतो, पण काच ओलांडून आत आलेली उष्णता आतच राहते. बाल्कनीच्या बाहेरच्या कडेला बांबूचे चिक किंवा वाळ्याचे पडदे लावले तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असल्यामुळे वाळ्यावर पाणी मारण्याचा उपयोगही होतो. यापुढे भिंतीचा रंग ‘थंड’ की ‘उष्ण’ ही चर्चा बरीचशी मनाच्या समाधानाची आहे.

गोदाकाठ :

वरील विवेचन अभ्यासपूर्ण असले तरी माझे मत थोडे वेगळे आहे. जुन्या नाशिकमधल्या आमच्या वाड्यात भिंतींना चुन्याचा हात असे आणि त्यात चिमूटभर नीळ. रंग म्हणून जे काही असे ते कोनाड्यातल्या पितळी भांड्यांत, कडीपाटाच्या लाकडात, दाराच्या तोरणात आणि सतरंजीत असे. भिंतीचा रंग बदलायला पेंटर आणि आठवडा लागतो, सतरंजी बदलायला पाच मिनिटे लागतात. म्हणून भिंतींवर एकच शांत रंग ठेवून विटकरी, निळा, हळदी हे रंग उशांचे अभ्रे, झोपाळ्याची गादी आणि पडदे यांत आणावेत, असे मी सुचवेन. सजावटकार मंडळी साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम आणि दहा टक्के उठावाचा असे प्रमाण सांगतात. ते मान्य केले, तरी हे लक्षात घ्यावे की तुमचा झोपाळा, टेबल आणि जेवणाचे सामान मिळून तीस टक्क्यांची जागा सागवानाने आधीच घेतलेली आहे. हिरव्या भिंती, विटकरी कोपरा आणि सागवान हे तिन्ही एकत्र आले की चौथ्या रंगाला जागा उरत नाही.

घरात येवल्याच्या जुन्या पैठणीचा पदर असेल तर तो काचेच्या चौकटीत बसवून लावता येतो. आमच्याकडे तसा आहे आणि येणारा प्रत्येक जण त्याच्यासमोर थांबतो. मात्र तो पूर्वेच्या भिंतीवर, मावळतीच्या उन्हासमोर, लावू नये. थेट उन्हाने रेशमाचा रंग उडतो.

वाड्यात राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना करतो, कारण हे वाचून कोणी तरी घाई करेल. माती-चुन्याच्या जुन्या भिंती ओल आत घेतात आणि बाहेर सोडतात. त्यांच्यावर प्लास्टिक इमल्शन फासले की ओल आत अडकते आणि वर्षा-दोन वर्षांत पोपडे धरतात. तिथे चुनाच योग्य.

उत्तरेच्या खोलीबाबत मात्र मला शंका आहे. नाशिकची डिसेंबर-जानेवारीची पहाट काही वेळा १० अंशांखाली जाते. सत्तरीच्या बाईंना जिथे ऊन पोहोचत नाही त्या खोलीत का ठेवावे? दक्षिणेची खोली त्यांना द्यावी.

फूटपट्टी :

गोदाकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. ऊन दिवसा मिळते आणि बाथरूमची गरज रात्री लागते. वयस्कर माणूस पडतो तो बहुधा रात्रीच्या या फेरीत. दुपारी उन्हात बसायला दक्षिणेच्या खोलीत एक आरामखुर्ची ठेवली तरी काम भागते. अंतिम निर्णय अर्थातच त्यांना विचारून घ्यावा.

इंदिरानगरकर :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंना विचारले. त्यांना दक्षिणेची खोली हवी आहे, कारण बाहेरचे बाथरूम दारासमोर चार पावलांवर आहे आणि उत्तरेच्या बेडरूमच्या बाथरूमला चांगला सहा इंचांचा उंबरा आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्यामुळे मुलगी आणि त्या दक्षिणेच्या खोलीत राहतील. सासऱ्यांचे टेबल मुलीच्या अभ्यासासाठी तिथेच ठेवायचे आहे; ती डावखुरी आहे. लोखंडी कपाट आमच्या, म्हणजे उत्तरेच्या खोलीत येईल. ते गडद करड्या रंगाचे असून फिकट भिंतीसमोर फारच अवजड दिसेल अशी भीती वाटते.

विटकरी रंग जेवणाच्या भिंतीवर न्यायला मी तयार आहे. आणखी एक अडचण आहे. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, काचेच्या वरच्या कोपऱ्यात, रंग फुगून पांढरी पूड निघते आहे. पेंटर म्हणतो की पुट्टी मारली की दिसणार नाही. ते खरे आहे का?

रंगकाम_सातपूर :

मी रंगकामाचे ठेके घेतो, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याचा आहे असे समजून लिहितो. पुट्टी मारली की दिसणार नाही हे खरे आहे, पण फक्त पुढच्या पावसाळ्यापर्यंत. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, त्यामुळे इमारतीच्या पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला केसासारख्या जरी भेगा असल्या तरी पाणी आत झिरपते आणि सुकताना विटा-प्लास्टरमधले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. ती पांढरी पूड म्हणजे हेच क्षार. काचेच्या वर ओल असल्यामुळे खिडकीवरच्या छज्जाचा आणि भिंतीचा सांधाही तपासावा. आधी बाहेरून भेगा भरून वॉटरप्रूफिंग करावे, मग आतला फुगलेला भाग प्लास्टरपर्यंत खरवडून कोरड्या ब्रशने क्षार झाडावेत आणि भिंत पूर्ण सुकू द्यावी. क्षार पाण्याने धुऊ नयेत. ते विरघळून पुन्हा भिंतीतच जातात. दसऱ्यानंतर हवा कोरडी असते, म्हणून तो काळ चांगला. पण दिवाळीच्या तोंडावर सगळ्या शहराला एकदम रंग काढायचा असतो आणि चांगला कारागीर मिळत नाही. घाई नसेल तर ती एक भिंत प्रायमर मारून सोडावी आणि शेवटचा हात दिवाळीनंतर द्यावा. पांढरी भिंत असल्यामुळे फारसे कळणारही नाही.

हॉलचा हिशेब असा होतो. चारही भिंतींचा घेर ५२ फूट आणि उंची साडेनऊ फूट धरली तर ४९४ चौरस फूट होतात. काच, दार आणि जेवणाच्या जागेची मोकळी बाजू वजा केली की साधारण पावणेचारशे उरतात. चांगले इमल्शन दोन हातांत लिटरला १२० ते १५० चौरस फूट चालते. म्हणजे हिरव्यासाठी चार लिटरचा एक डबा पुरून उरेल, आणि उरलेला रंग पुढे डाग झाकण्यासाठी हवाच असतो. डब्याच्या झाकणावर शेडचा क्रमांक, बेस (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) आणि तारीख लिहून ठेवावी. मशीनवर पुन्हा रंग बनवून घेतला तर कधी कधी छटेत बारीक फरक पडतो, म्हणून एका भिंतीच्या मधोमध नवा डबा उघडू नये.

उत्तर आणि दक्षिणेच्या भिंतींवर ऊन तिरपे पडणार असल्याचे वर आले आहे. तिरप्या उन्हात पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. त्या दोन भिंतींचे घासकाम बल्ब आडवा धरून तपासून घ्यावे आणि तिथे चकाकी असलेला फिनिश न घेता मॅट घ्यावा. जेवणाच्या विटकरी भिंतीला मात्र धुता येईल असा, हलक्या चकाकीचा रंग बरा. खुर्च्या घासतात आणि हात लागतात. मी गिऱ्हाइकाला चकाकी नको तिथे चकाकी विकत नाही, पण विकणारे पुष्कळ आहेत.

लोखंडी कपाट भिंतीच्याच छटेत रंगवावे, म्हणजे त्याचा अवजडपणा निघून जातो. जुना रंग घासून, गंज असेल तिथे रेड ऑक्साइड प्रायमर देऊन, वर स्प्रेने इनॅमल मारतात. घासकाम घरात करू नये आणि कोरडे तर मुळीच करू नये. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त असू नये हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे कपाट त्याच्या कितीतरी आधीचे आहे, आणि फ्लॅटच्या दारांवरचे ऑइल पेंटही २०११ चे असेल तर तेही. पाणी मारून पॉलिश पेपरने घासावे, धूळ ओल्या फडक्याने टिपावी आणि त्या दिवशी घरात मुले व वयस्कर माणसे नसावीत.

सावलीचा_हिशेब :

दक्षिणेच्या खोलीविषयी थोडी भर घालतो. डिसेंबरअखेरीस नाशिकला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो; खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल आणि बाहेरचा छज्जा फार पुढे आलेला नसेल तर ऊन खोलीत साडेसहा फुटांपर्यंत येते. सासूबाईंचा पलंग खिडकीला अगदी लावून न ठेवता फूटभर आत घेतला तर पायांकडे ऊन येईल आणि खिडकीचा गार झोत डोक्यावर येणार नाही. उलट मेअखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, त्यामुळे त्या काळात या खिडकीतून भर दुपारी थेट ऊन येतच नाही. थोडक्यात, या घरात रंगाची फारशी काळजी करावी लागणार नाही अशी हीच एक खोली आहे. मुलीला आवडेल तो फिकट रंग द्यावा.

टेबल खिडकीसमोर किंवा खिडकीकडे पाठ करून ठेवू नये. हिवाळ्यात समोरून ऊन डोळ्यांवर येते आणि पाठीमागून आले तर वहीवर स्वतःची सावली पडते. मुलगी डावखुरी असल्यामुळे प्रकाश तिच्या उजव्या हाताकडून यायला हवा. म्हणजे दक्षिणेची खिडकी उजवीकडे येईल अशा तऱ्हेने टेबल पूर्वेच्या भिंतीला लावावे. टेबललॅम्पही उजवीकडे असावा आणि तो ४००० केल्व्हिनचा घ्यावा. स्विचबोर्ड त्या भिंतीवर नसेल तर तो आताच, पुट्टीपूर्वी, सरकवून घ्यावा. सासूबाईंच्या उशाशी रात्रीच्या दिव्याचे बटण आणि बाथरूमच्या वाटेवर जमिनीलगत एक छोटा दिवा हेही त्याच वेळी करून घेता येईल.

इंदिरानगरकर :

सविस्तर उत्तरांबद्दल आभारी आहे. सोसायटीकडे बाहेरच्या भिंतीसाठी अर्ज दिला आहे आणि इंजिनिअर या आठवड्यात झोपाळ्याची जागा पाहून जाणार आहेत. आता फक्त हॉलच्या पडद्यांचे माप द्यायचे राहिले आहे. दुकानदार सहा फुटांच्या काचेला सहा फुटांचाच रॉड पुरेल असे म्हणतो.

फूटपट्टी :

पुरेल, पण पडदा उघडल्यावर त्याच्या चुण्या दोन्ही बाजूंनी काचेवरच साठतील आणि तुमचा फूटभर उजेड व वारा अडवतील. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पुढे जाणारा, म्हणजे सात फुटांचा रॉड घ्यावा आणि तो काचेच्या चौकटीवर न बसवता छताच्या जवळ बसवावा. कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट घ्यावे आणि पडद्याची खालची कड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावी, नाहीतर झोपाळ्यावरून उतरताना ती पायाखाली येईल. रॉडचे ब्रॅकेट बसवण्याआधी वरची ओल सुकली आहे याची खात्री करून घ्यावी. ओल्या प्लास्टरमध्ये स्क्रू धरत नाही.